वाचकांचे प्रश्न : सॅक्सोफोनचा पट्टा आणि दुखणारी मान

प्रश्न : मी गेली नऊ वर्षे बँड पथकात सॅक्सोफोन वाजवतो. पूर्वी लहान आकाराचा आल्टो सॅक्सोफोन वाजवत होतो, यंदा त्याहून मोठा टेनर घेतला. लग्नसराईत वरातीबरोबर चालत तीन-तीन तास वाजवावे लागते आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. वाद्य गळ्यात अडकवण्याचा जाड, मऊ पट्टा घेऊन पाहिला, पण उपयोग झाला नाही. खांद्यांवरून घालायचा पट्टा घ्यावा का? – एक वादक, कोल्हापूर

उत्तर : घ्यावा, मात्र त्याआधी जुन्या पट्ट्यानेच एक गोष्ट तपासून पाहावी. आल्टो साधारण अडीच किलोचा असतो आणि टेनर तीन ते साडेतीन किलोचा. बाजारातून आणलेली भाजीची पिशवी याहून जड भरेल, पण वाद्याचे ओझे मानेमागच्या एका पट्टीवर येते आणि तेही शरीराच्या पुढे लोंबत असते, त्यामुळे ते मानेला सतत पुढे ओढते व मानेमागचे स्नायू तेवढाच वेळ तिला मागे खेचून धरतात. पट्टा लांब असेल तर माउथपीस (वाद्याचा तोंडात धरायचा भाग) गाठण्यासाठी वादक डोके खाली झुकवतो आणि मग वाद्याच्या जोडीला डोक्याचा भारही त्याच स्नायूंना पेलावा लागतो. म्हणून भिंतीला पाठ टेकून सरळ उभे राहावे, नजर समोर ठेवावी आणि माउथपीस आपणहून ओठांशी येईपर्यंत पट्टा आखूड करीत जावे. हनुवटी खाली जात असेल तर पट्टा अजून लांब आहे, वर उचलली जात असेल तर तो जास्त आखूड झाला आहे. आल्टोवरून टेनरवर आल्यानंतर हे माप नव्याने घ्यावेच लागते, आणि बहुतेक जण नेमके तेच विसरतात.

आता मऊ पट्ट्याविषयी. अशा पट्ट्यांत बहुधा निओप्रीन असते, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाचे ताणले जाणारे रबरी कापड. दुकानात गळ्यात घातल्यावर ते हलके वाटते खरे, कारण वजन जास्त जागेवर पसरते. परंतु चालताना प्रत्येक पावलाला वाद्य खाली जाते आणि पुन्हा वर येते, माउथपीस ओठांत हलते आणि ते स्थिर ठेवण्यासाठी वादक नकळत उजव्या अंगठ्याने सगळे वाद्य उचलून धरू लागतो. अंगठ्याचे काम वाद्याला किंचित पुढे रेटण्याचे आहे, वजन पेलण्याचे नव्हे. आपला अंगठाही दुखत असेल तर दोष या ताणाचा आहे, असे समजावे. बसून वाजवणाऱ्याला असा पट्टा चालतो, पण वरातीसाठी मी तो सुचवणार नाही.

खांद्यांवरून जाऊन पाठीवर एकमेकांना छेदणारा पट्टा मान मोकळी सोडतो. दुसरा पर्याय जॅझलॅब कंपनीच्या सॅक्सहोल्डरसारख्या आधाराचा आहे. त्यात खांद्यांवर टेकणारे दोन बाकदार हात आणि पोटाशी एक टेकू असतो. तो झटकन घालता-काढता येतो, ही त्याची मोठी सोय. मात्र आपल्या गणवेशाच्या खांद्यांवर बिल्ले आणि झालरी असतील तर हे हात नीट टेकणार नाहीत, त्यामुळे आपल्यासाठी पाठीवर छेदणारा पट्टाच बरा. तो कोटाखाली न घालता कोटावरूनच घालून पाहावा आणि काखेत काचत नाही ना, हे दुकानातच दहा मिनिटे वाजवून तपासावे.

खर्च परवडत नसेल तर आपण कोल्हापुरात आहात, हे विसरू नये. चामड्याचे काम करणाऱ्या चांगल्या कारागिराकडून चार बोटे रुंद, आतून मऊ अस्तर लावलेली पट्टी शिवून घेता येईल. चामडे निओप्रीनसारखे ताणले जात नाही, म्हणून वाद्य उसळत नाही. घाम मात्र शोषते, तेव्हा वाजवून झाल्यावर ते पुसून सावलीत वाळवावे. मानेवरचा भार यामुळे पसरेल, पण कमी होणार नाही. पट्टीपासून वाद्याकडे येणाऱ्या दोन्ही दोऱ्या छातीपाशी आडव्या पट्टीने एकमेकींपासून दूर ठेवल्या तर गळ्याच्या बाजूंना काच बसत नाही.

पट्ट्याला वाद्य अडकवण्याचा आकडा (हुक) प्लास्टिकचे आवरण असलेला आणि झडपेने बंद होणारा निवडावा. नुसता लोखंडी आकडा वाद्याची पितळी कडी हळूहळू झिजवतो, आणि उघडा आकडा गर्दीत वाकताना कडीतून निसटू शकतो. लांबी बदलण्याची सरकपट्टी घामाने घसरू लागली असेल तर पट्टा बदलावा, तिथे गाठ मारून भागवू नये.

हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटे बधिर होत असतील तर पट्ट्यांचे प्रयोग थांबवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती आल्टो शिकते. वाद्याबरोबर आलेला पट्टा सगळा आखूड करूनही माउथपीस तिच्या हनुवटीखाली राहते. शिक्षक म्हणतात, मोठी झाली की आपोआप जमेल. – एक पालक, ठाणे

उत्तर : मोठी होईपर्यंत मान झुकवून वाजवण्याची सवय पक्की होईल, त्यामुळे थांबू नये. वाद्याबरोबर येणारे पट्टे प्रौढांच्या मापाचे असतात. लहान मापाचा, शक्य तर खांद्यांवरून जाणारा पट्टा वेगळा मागवावा. तोपर्यंत तिला खुर्चीवर बसवून वाद्य उजव्या मांडीच्या बाजूला घेऊ द्यावे आणि दर पंधरा मिनिटांनी ते गळ्यातून उतरवायला सांगावे.