वायफाय फुल, पण नेट नाही: दोष कुठे, ते फोनवरच बघा

बेळगावजवळच्या बाचीहून एकानं विचारलंय, की वायफाय फुल दाखवतंय पण काहीच उघडत नाही, लाइनमन म्हणतो 'तुमच्या घरातलाच प्रॉब्लेम', आणि तपासायला लॅपटॉप नाही. लॅपटॉप लागतच नाही.

आधी मोबाइल डेटा बंद करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. वायफायवर नेट मिळेना झालं की फोन गुपचूप सिमवर जातो, व्हॉट्सअॅप चालू होतं आणि आपण म्हणतो, 'आलं की!' मग पुढची सगळी तपासणी वाया.

दुसरं, त्या फुल रेंजचा अर्थ फक्त फोन ते राउटर एवढाच. पुढची तार तुटली असली तरी रेंज फुलच दिसणार.

आता पिंगचं एखादं फुकट अॅप घ्या. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. वायफायच्या तपशिलात 'गेटवे' म्हणून आकडा असतो, तो आपल्या राउटरचाच पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ सारखा. त्याला ५० वेळा पिंग करा. पहिले एक-दोन आकडे मोठे आले तर सोडून द्या, वीज वाचवायला फोनचं वायफाय डुलक्या घेत असतं. राउटरजवळ बसून बहुतेक उत्तरं १० मिलिसेकंदांच्या आत यायला हवीत. जवळ बसूनही उत्तरं गळत असतील तर लाइनमन खरं बोलतोय. राउटरजवळ ठीक आणि आतल्या खोलीत वाईट असेल, तर दोष भिंतीचा. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्‌झ फारसं जात नाही, तिथं २.४ वर जोडा.

गेटवे ठीक असेल तर ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या नेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. तिथून काहीच आलं नाही तर बिघाड बहुधा बाहेरच्या लाइनमध्ये. फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागलाय का बघा. लागला असेल तर प्रकाशच पोचत नाही, राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही.

८.८.८.८ चालतं पण नावानं साइट उघडत नाही, तर घोळ डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचा. मी स्वतः तीन दिवस कंपनीशी भांडलो होतो. शेवटी सापडलं काय, तर जाहिराती अडवायला मीच अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला एक पत्ता घातला होता, आणि तो सर्व्हर बंद पडला होता. तिथं 'ऑटोमॅटिक' केलं आणि नेट धावायला लागलं. लाइनमनला तोंड दाखवायची लाज वाटली.

वायफाय सोडून सिमवरच नेट जात असेल, तर आपल्या भागाची वेगळी गंमत आहे. बाचीपलीकडे शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. कर्नाटकचं सिम तिकडचा टॉवर पकडतं, बोलणं होतं, पण 'डेटा रोमिंग' बंद असलं की कधी कधी नेट ठप्प. ते चालू ठेवा. देशातल्या देशात आता त्याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत.

दोन्ही पिंगचे स्क्रीनशॉट वेळेसकट दिसतील असे काढून लाइनमनला पाठवा, आणि इथंही टाका.