मार्टिनी-हेन्री जुनी आहे, मान्य. कॅलिबर, म्हणजे नळीचं आणि काडतुसाचं माप, बघितलं का?

लेस्टरच्या एका वाचकांनी खासगी माणसाकडून मार्टिनी-हेन्री रायफल घेतली, बॉडीवर १८८० च्या आसपासचं साल, दिवाणखान्यात लावली, आणि आता विचारतायत की शंभर वर्षं जुनी म्हणजे लायसन्स नको ना? हाच प्रश्न बरेच जण विचारतात.

साल बाजूला ठेवा. ब्रिटनच्या १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टचं कलम ५८(२) शोभेसाठी किंवा संग्रहासाठी ठेवलेल्या अँटिक हत्याराला सूट देतं, पण अँटिक कशाला म्हणायचं ते २०२१ चे नियम ठरवतात, १ सप्टेंबर १९३९ च्या आधीची बनावट तर हवीच, शिवाय काडतुसाची रायफल असेल तर तिचं कॅलिबर त्या नियमांच्या कालबाह्य कॅलिबरच्या यादीत असायला हवं. मूळ मार्टिनी-हेन्रीचं .५७७/४५० आहे यादीत. पण पुढे सैन्याने यातल्या बऱ्याच रायफलींना .३०३ ची नळी बसवली, त्याच मार्टिनी-एनफिल्ड, आणि .३०३ यादीत नाही. तुमच्याच फोटोत बॉडीवर 'एम.ई.' आणि ३०३ ठसठशीत दिसतंय हो! पैसे देण्याआधी एवढं वाचायला काय झालं होतं?

म्हणजे आज तुमच्याकडे सर्टिफिकेटशिवाय, म्हणजे तिथल्या लायसन्सशिवाय, फायरआर्म आहे, कमाल शिक्षा ५ वर्षं. 'मला अँटिक वाटली' हा बचाव चालत नाही, १९७७ च्या हॉवेल्स खटल्यात त्या माणसाने रिव्हॉल्व्हर अँटिक समजूनच ठेवलं होतं, निघाली नवी नक्कल, अपील कोर्टाने दोषी धरलंच.

आणि यात गडबड आहे असं मित्राने तुम्हाला जानेवारीत सांगितलं, तुम्ही मला एप्रिलमध्ये लिहिताय! हाच उशीर तुम्हाला सगळ्यात जास्त नडेल. आजच क्रिमिनल सॉलिसिटर (फौजदारी वकील) गाठा आणि त्यांच्यामार्फत पोलिसांच्या फायरआर्म्स लायसन्सिंग विभागाला कळवा, रायफल कधी-कशी न्यायची ते तेच सांगतील, तुम्ही गाडीत टाकून निघू नका. विकणाऱ्याला परत देऊ नका, ऑनलाइन विकू नका, तो वेगळा गुन्हा होईल. घरी वेल्डिंग करून नळी बंद करायचा उद्योग तर नकोच, डीॲक्टिव्हेशन, म्हणजे हत्यार कायमचं निकामी करणं, लंडन किंवा बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसच्या (बंदुका तपासणाऱ्या संस्थेच्या) सर्टिफिकेटशिवाय मानलं जात नाही.

खटला भरतील की नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही, स्वतःहून पुढे आलेल्या माणसाकडे सहसा वेगळ्या नजरेने बघतात एवढंच.

पुण्याच्या घरी पाठवायचा विचारही सोडा. आपल्या आर्म्स ॲक्टच्या कलम ४५(क) ची सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे, तुमची तर चालू हालतीत आहे.