लेक मिशनसाठी युगांडाला निघाली आहे

प्रश्न : मुलगी 24 वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग झालेली. एका मिशन संस्थेतर्फे दोन वर्षं युगांडातल्या खेड्यात दवाखान्यात काम करायचं म्हणते. तिला हे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं वाटतं. मंडळीतले (चर्चमधले) लोक अब्राहामाचा दाखला देतात, भाऊबंद म्हणतात पोरीला वाऱ्यावर सोडताय. आम्हाला भीती वाटते, म्हणजे आमचा विश्वास कमी पडतो का?
– एक आई, मिरज

उत्तर : नाही. अब्राहामाचा दाखलाही इथं बसत नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात देव अब्राहामाला मुलगा इसहाक अर्पण करायला सांगतो; तिथं परीक्षा बापाची होती, आणि इसहाक जिवंत राहिला. तुमची लेक सज्ञान आहे, जे काही द्यायचं ते तीच देते आहे. ‘तुम्ही लेक दिलीत’ हे कौतुक ऐकून घ्या, पण मनावर घेऊ नका.

मात्र त्याग तिचा असला तरी संस्थेची हयगय त्यात मोडत नाही. मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी सॅम्युएल न्यूवेल 1821 मध्ये आणि गॉर्डन हॉल 1826 मध्ये पटकीनं (कॉलऱ्यानं) गेले. तेव्हा पटकी कशानं होते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आज ती सबब चालत नाही.

म्हणून संस्थेकडून लेखी घ्या : व्हिसा पर्यटकाचा की कामाचा, तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कोण करून देणार, दरमहा किती पैसे आणि कुठून, परतीचं तिकीट कुणाचं, आणि गंभीर आजारात मोठ्या रुग्णालयात किंवा भारतात हलवण्याचा विमा आहे का. शेवटच्या मुद्द्यावर ‘प्रभू पाहील’ असं उत्तर आलं तर तिथंच थांबा. मंडळीतून वर्गणीची नावं पहिल्या उत्साहात भराभर येतात आणि काही महिन्यांनी गळतात. निदान सहा महिन्यांचा खर्च आधी बँकेत जमा हवा. पासपोर्ट कायम तिच्याच ताब्यात राहील, हेही कागदावर येऊ द्या.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. एकच डोस, पण दाखला लागू होतो 10 दिवसांनंतर, त्यामुळे तिकिटाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. परतताना हा दाखला नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरच ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिली तर रोज 100 मिलिग्रॅम, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परत आल्यावर चार आठवडे. या शेवटच्या चार आठवड्यांतच लोक चुकतात, घरी आलो म्हणजे सुटलो असं वाटतं. मेफ्लोक्विन या दुसऱ्या गोळीनं काहींना भयंकर स्वप्नं पडतात, मन खचतं. पूर्वी नैराश्य आलेलं असेल तर ती घेऊच नये. औषध लावलेली मच्छरदाणी गोळ्या चालू असतानाही हवीच. सरोवरात किंवा नदीत पोहणं टाळावं, तिथल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा जंतांचा आजार होतो.

घरचे साथीच्या रोगांना घाबरतात, पण तरुणांना रस्त्यावरच्या अपघाताचा धोका फार मोठा. तिथं बोडाबोडा नावाची भाड्याची मोटरसायकल सर्रास चालते. हेल्मेटशिवाय बसायचं नाही आणि रात्री खेड्यातला प्रवास करायचा नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या.

फोनसाठी आठवड्यातला एक वार ठरवा. तिथं संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे साडेआठ. रोजचा फोन ठरवलात तर नेटवर्क गेलेल्या प्रत्येक दिवशी घरात रडारड होईल.

प्रश्न : मुलगा आठ महिन्यांपूर्वी आफ्रिकेत सेवेला गेला. आता मुदतीआधी परत येतो म्हणतो. मंडळीत काय तोंड दाखवू?
– एक वडील, सातारा

उत्तर : आधी कारण विचारा. वारंवार ताप येतो का, कोणती गोळी चालू आहे, वरिष्ठांशी खटका उडालाय का, झोप लागते का. गोळीमुळे मन बिघडलं असेल तर डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. खटका असेल तर जागा बदलून मागता येते. तरी येतो म्हणाला तर येऊ द्या. बायबलमधला योहान मार्कही प्रेषित पौलाबरोबर सेवेला गेला आणि पंफुल्याहून अर्ध्यातून परतला होता. पौलानं त्याला पुढच्या फेरीत नेलं नाही, पण नंतर पौलानंच आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलं की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे.

आल्या आल्या त्याला मंडळीसमोर साक्ष द्यायला (अनुभव सांगायला) उभं करू नका, पाळकसाहेबांनाही तसं आधीच सांगून ठेवा. पुढच्या वर्षभरात केव्हाही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि तो आफ्रिकेतून आलाय हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.