खून मोजू नका, रीसेट मोजा : भयपट करणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

कमी पैशांत रक्तबंबाळ, टोकाचा भयपट करायला निघालेल्यांची पत्रं अलीकडे वाढली आहेत. निम्म्यांचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा असतो. त्याचं उत्तर एका ओळीचं आहे: हाताशी असेल तो चालेल. बाकीच्या प्रश्नांना जागा लागते.

प्रश्न : माझ्याकडे चार लाख रुपये आहेत. पटकथेत अकरा खून आहेत आणि सगळे पडद्यावर दाखवायचे आहेत. बारा दिवसांत होईल का? ‘द ईव्हिल डेड’ही पोरासोरांनीच केला होता ना? (इचलकरंजी)

होणार नाही. अडचण पैशांपेक्षा धुण्यापुसण्याची आहे. गळा चिरल्याचा एक शॉट घ्या. नळी लपवली, पंप भरला, टेक झाला. फवारा गालावर उडायला हवा होता, तो गेला छातीवर. आता नटाची आंघोळ, केस वाळवणं, नवा शर्ट, फरशी पुसणं, मेकअप पहिल्यापासून, कंटिन्युइटीचे फोटो (आधीच्या शॉटमध्ये काय कुठे होतं ते दाखवणारे) बघून सगळं पुन्हा जुळवणं. दीड-दोन तास गेले आणि युनिट बिस्किटं खात बसलं. रक्त शे-दोनशे रुपयांचं, पण त्या दोन तासांचं भाडं, मजुरी आणि जेवण तुमच्या खिशातून गेलं. म्हणून पटकथा वाचताना खून मोजू नका, रीसेट मोजा, म्हणजे सगळं असं पूर्ववत करायची वेळ किती वेळा येईल ते. नवख्या युनिटने दिवसाला दोनापेक्षा जास्त धरू नयेत.

मी तीन खून ठेवेन. एक सविस्तर, एक अर्धवट दिसणारा, एक नुसता ऐकू येणारा. उरलेल्या आठ जणांना जगू द्या, नाहीतर पटकथेतून काढून टाका. चार लाखांत अकरा जणांच्या तारखा जुळवणंही सोपं नाही. ज्याच्या अंगावर रक्त उडणार त्याचे किमान तीन एकसारखे शर्ट एकाच दिवशी, एकाच दुकानातून घ्या. पंधरवड्याने गेलात तर त्या रंगाचा शर्ट संपलेला असतो, हा नियमच आहे. आणि दिवसाचं वेळापत्रक स्वच्छ ते माखलेलं असंच लावा. रक्ताचा शॉट शेवटी.

‘ईव्हिल डेड’चं म्हणाल, तर दिग्दर्शक सॅम रेमी आणि मित्र खरोखरच विशीतले होते. पण टेनेसीच्या जंगलातल्या त्या झोपडीत जाण्याआधी, १९७८ साली त्यांनी सुमारे सोळाशे डॉलरमध्ये ‘विदिन द वुड्स’ हा अर्ध्या तासाचा नमुना केला. तो दाखवत ते गावातल्या डॉक्टर-वकिलांकडून पैसे मागत फिरले आणि मग मुख्य चित्रपट पावणेचार लाख डॉलरच्या आसपास उभा राहिला. न्यूझीलंडमध्ये पीटर जॅक्सनने ‘बॅड टेस्ट’ (१९८७) मित्रांना घेऊन सुट्टीच्या दिवशी, सुमारे चार वर्षं चित्रित केला. मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले. आपल्याकडे रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला जाऊन साडेतीन लाखांच्या आसपास उरकला. दिग्दर्शन दोन भावांचं, कॅमेरा एकाचा, ध्वनी एकाचा, संकलन एकाचं. ‘टेरिफायर २’ (२०२२) अडीच लाख डॉलरचा म्हणतात, त्यात दिग्दर्शक डेमियन लिओनीने जखमा आणि मुंडकी स्वतःच्या हाताने घडवली आहेत, त्या कामाची मजुरी बाजारभावाने कोण लावणार? या मंडळींकडे पैसा कमी होता, पण घरचा फुकट वेळ भरपूर होता. तुमच्याकडे बारा दिवस आहेत. तुम्ही आधी दहा मिनिटांचा नमुना करा, एका खुनाचा.

प्रश्न : घरी केलेलं रक्त डोळ्यांना ठीक दिसतं, पण कॅमेऱ्यात कधी केशरी, कधी गुलाबी. काय चुकतंय? (नाशिक)

दोन गोष्टी, आणि दुसरी कोणी बघत नाही.

पहिली, मिश्रण. नुसता लाल रंग पाकात घातला की ते पारदर्शक राहतं आणि रोझ सरबतासारखं दिसतं. रक्त अपारदर्शक असतं. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. थोड्या कोमट पाण्यात कोको पावडर गुठळ्या न होता कालवा आणि ती ग्लुकोजमध्ये घाला. मग खायचा लाल रंग, आणि शेवटी हिरव्या किंवा निळ्याचे एक-दोन थेंब. रंगाच्या डबीवरचं बारीक लिखाण वाचा. ‘कार्मोइसिन’ असेल तर छटा किरमिजी येते, ‘पॉन्सो ४आर’ केशरीकडे झुकतो. ताजी जखम पातळ आणि उजळ ठेवा, जुनी घट्ट आणि काळपट. एकाच बाटलीतून दोन्ही काढू नका. तोंडात जाणाऱ्या रक्तात खाण्याच्या वस्तूंपलीकडे काहीही नको. कपड्यांवरच्या रक्तात भांडी घासायचं लिक्विड मिसळलं तर डाग निघायला मदत होते, पण त्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘तोंडात नाही’ लिहा. कुंकू, गुलाल, ऑइलपेंट असले उद्योग चेहऱ्यावर करू नका. आणि हो, साखर आहे म्हणजे मुंग्या येणारच. प्रेताचं काम करणाऱ्याला आधी कल्पना द्या.

दुसरी गोष्ट दिवे. बाजारातल्या साध्या एलईडी बल्बच्या प्रकाशात गडद लाल रंग फार कमी असतो. खोक्यावर ‘सीआरआय ८०’ (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेलं असलं तरी त्या आकड्यात गडद लाल धरलेलाच नसतो. त्याचं मोजमाप ‘आर९’ म्हणून वेगळं असतं आणि स्वस्त बल्बमध्ये ते शून्याच्या आसपास निघू शकतं. अशा दिव्याखाली उत्तम रक्तही मातकट दिसतं. सगळे दिवे चांगले परवडत नसतील तर जखमेवर पडणारा एकच दिवा सीआरआय ९५चा भाड्याने घ्या, किंवा तिथे जुना पिवळा टंगस्टनचा बल्ब लावा. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेड बघून रंग आपोआप बदलणं) बंद. रात्रीचा निळा उजेड केला असेल तर लाल रंग काळा पडतो, त्या सीनसाठी रक्त मुद्दाम भडक करा. सेटवर ते हास्यास्पद दिसेल, मॉनिटरवर बसेल. शूटिंगच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच दिव्यात, त्याच शर्टाच्या तुकड्यावर चाचणी घ्या.

प्रश्न : हात तोडण्याचा सीन आहे. नटाचा हात प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून साचा काढता येईल ना? (सोलापूर)

अजिबात नाही. प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि जाड थरात ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं. तोवर ते कडक झालेलं असतं, हात बाहेर निघत नाही. ब्रिटनमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीने वर्गात असाच प्रकार केला आणि तिची बहुतेक बोटं गेली.

दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ते अल्जिनेट डेंटलच्या दुकानात मिळतं. ते गार पाण्यात कालवा, नाहीतर तुमच्या उन्हाळ्यात हात घालायच्या आत घट्ट होईल. त्या साच्यात सिलिकॉन ओतायचं. प्लॅटिनम सिलिकॉन घेतलंत तर लॅटेक्सचे हातमोजे घालू नका. त्यांच्या नुसत्या स्पर्शाने ते जमत नाही, चिकट राहतं आणि माणूस दोन दिवस डब्यातल्या मालाला शिव्या देत बसतो. नायट्राइलचे मोजे वापरा. जिलेटिन आणि ग्लिसरीनची जखम स्वस्तात होते, पण मे महिन्यात सोलापुरात ती लंचच्या आधीच ओघळेल.

खरं तर साच्याची गरजही नसते. टेबलाला भोक पाडा, नटाचा खरा हात त्यातून खाली घाला, वर कापलेलं टोक चिकटवा आणि चादर टाका.

प्रश्न : सगळं दाखवलं नाही तर तो ‘एक्स्ट्रीम’ कसला? मित्र म्हणतात, कट केलास की प्रेक्षक हसतील. (कल्याण)

मित्रांना ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ (१९७४) पुन्हा बघायला सांगा, या वेळी रक्त मोजत. नावात करवत आहे, कत्तल आहे, आणि पडद्यावर रक्त आश्चर्य वाटावं इतकं कमी. दिग्दर्शक टोब हूपरला तर सौम्य प्रमाणपत्र मिळण्याची आशा होती! तरीही ब्रिटनच्या सेन्सॉरने त्याला १९९९पर्यंत प्रमाणपत्र दिलं नाही. लोकांनी न दाखवलेलं पाहिलं होतं. ते करवतीचा आवाज, उकाडा आणि मुलीच्या डोळ्यांचे क्लोजअप यांनी घडवलं.

तुमच्याकडे एक चांगली जखम असेल तर ती एकदाच, दोन सेकंद दाखवा. तिसऱ्या सेकंदाला प्रेक्षक सिलिकॉनची कड शोधायला लागतो. बाकीचं काम आवाजावर सोपवा. ओल्या फडक्यात गुंडाळून मुळा किंवा शेवग्याची शेंग मोडली की हाड मोडतं. सुरा खुपसायला कोबीचा गड्डा, आतडं ओढायला दह्यात कालवलेला भात, बोटांनी, माइकजवळ. खोलीभर गोधड्या टांगा आणि रात्री पंखा बंद करून रेकॉर्ड करा. हा खर्च भाजीवाल्याच्या बिलात बसतो आणि त्याला रीसेट नसतो.

प्रश्न : अभिनेत्रीला न सांगता खरोखर घाबरवलं, थोडं लागलं तर प्रतिक्रिया अस्सल येते असं वाचलं. करून बघू का? (पुणे)

नाही. वर सांगितलेल्या ‘टेक्सास चेन सॉ’मध्ये नायिकेचं बोट खरंच कापलं गेलं होतं, कारण नकली सुरीची रक्ताची नळी तुंबली आणि सगळे थकून वैतागले होते. तो किस्सा लोक कौतुकाने सांगतात. मला त्यात फक्त ढिसाळ सेट दिसतो. बांधण्याचा, गुदमरण्याचा, कपडे फाडण्याचा प्रत्येक सीन आधी लेखी सांगा, कपडे घालून सावकाश तालीम करा, थांबायचा शब्द ठरवा. तो शब्द कुणीही उच्चारला की कॅमेरा बंद. बांधायची गाठ अशी हवी, की नटाने स्वतः हात ओढला तरी सुटावी.

प्रश्न : भुताच्या भूमिकेत नऊ वर्षांची भाची आहे, आणि एक कोंबडा कापायचा आहे. परवानगी लागते का? (सावंतवाडी)

दोन्हीला. चौदा वर्षांखालच्या कलाकारासाठी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलीच्या नावे बँकेत मुदत ठेवीत. भाची असली तरी हेच. रक्त तिच्यासमोर उडवू नका. तिचे शॉट वेगळे घ्या आणि संकलनात जोडा.

कोंबडा कापू नका. प्राणी पडद्यावर येणार असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे शूटिंगआधी अर्ज करावा लागतो आणि त्यांचं प्रमाणपत्र नसेल तर सेन्सॉरकडे गाडी अडते. इटलीच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्ये (१९८०) माणसं खरंच मारली, या संशयावरून दिग्दर्शकाला कोर्टात जावं लागलं आणि नट जिवंत आहेत हे दाखवावं लागलं. माणसं सुखरूप निघाली, पण प्राणी खरोखर मारले होते आणि तो डाग आजही त्या चित्रपटाला चिकटलेला आहे.

प्रश्न : सेन्सॉर पास करेल का? थेट यूट्यूबवर टाकला तर? (नागपूर)

थिएटरला लावायचा तर प्रमाणपत्र हवंच, आणि तुम्हाला ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, धरूनच चालावं लागेल. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूएचे (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या प्रमाणपत्राचे) ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झाले, पण तुमचा चित्रपट त्यांत बसणार नाही. ‘ए’ असला तरी कट सुचवले जातात, कारण निर्हेतुक क्रौर्य आणि माणसाला बधिर करणारी दृश्यं टाळावीत असं मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. म्हणून प्रत्येक हिंसक सीनचं एक छोटं रूप संकलनात तयार ठेवा. निर्णय मान्य नसेल तर पुनरीक्षण समिती, त्यानंतर उच्च न्यायालय. मधलं अपिलीय न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. छोट्या निर्मात्याला कोर्टाचा खर्च चित्रपटाइतका येतो, हे आधीच समजून घ्या.

ओटीटीला सेन्सॉर लागत नाही, पण २०२१च्या नियमांनुसार वयाची वर्गवारी त्यांनाच करावी लागते. यूट्यूब वयाची अट लावू शकतं आणि मग जाहिरातीचं उत्पन्न नगण्य राहतं. परदेशी महोत्सवांना आपलं प्रमाणपत्र लागत नाही. स्पेनमधलं सित्गेस आणि कोरियातलं बुचॉन हे याच प्रकारच्या सिनेमांचे महोत्सव आहेत. अनेक महोत्सवांना चित्रपट आधी कुठेही न दाखवलेला लागतो, म्हणून आधी तिकडे पाठवा आणि मग यूट्यूब.

प्रश्न : मामांचा जुना वाडा फुकट मिळतोय. भिंतीवर रक्त उडवलं तर जाईल ना? (गुहागर)

चुन्याच्या भिंतीवरून खायचा रंग जात नाही, दोन हात दिले तरी खालून गुलाबी डोकावतो. तेवढ्या भागापुढे त्याच रंगाचा प्लायवूड उभा करा, रक्त त्यावर उडवा. जमिनीला प्लास्टिक, वर चटई. शूटिंगच्या तारखा पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा. रात्री दहानंतरच्या किंकाळ्या नटीला नुसत्या तोंडाने करायला सांगा, आवाज डबिंगला भरता येतो.