भिंतीएवढा टीव्ही आधी कुणाला दिसला?

प्रश्न : काका, आमचे सर म्हणाले, सपाट पडदे आधी विज्ञानकथांत आले, मग दुकानांत. खरं की गंमत?
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : खरं आहे गं, पण अर्धंच. रे ब्रॅडबरीच्या १९५३ सालच्या ‘फॅरनहाइट ४५१’ कादंबरीत दिवाणखान्याच्या भिंतीच टीव्ही आहेत. त्या काळी टीव्ही म्हणजे काचेची पिक्चर ट्यूब. बेळगावात टीव्ही दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. मोठा सेट माडीवर चढवायला दोघं तरी लागायचेच. ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉनचा झोत सोडून तो पडद्यावर फिरवावा लागतो, त्याला जागा हवी. पडदा वाढला की मागं पोट सुटायचं.

आता १९६८ बघ. एप्रिलमध्ये ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट आला. त्यात अंतराळवीर जेवता जेवता सपाट पाटीवर बातम्या बघतात. ती पाटी खोटी हं! टेबलाखाली प्रोजेक्टर लपवलेले. आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं खरा एलसीडी पडदा जाहीर केला! त्यात द्रवस्फटिक असतात, म्हणजे द्रवासारखे वाहणारे पण कण स्फटिकासारखे शिस्तीत असलेले पदार्थ. विजेचा दाब दिला की त्यांची मांडणी बदलते आणि त्यातून जाणारा प्रकाशही. झोत फिरवायची भानगडच नाही, म्हणून पोटही नाही. ही युक्ती मात्र कुठल्या कथेतून आलेली नाही.

२०११ मध्ये ॲपलनं टॅबलेटच्या डिझाइनवरून सॅमसंगवर खटला भरला, तेव्हा असं डिझाइन आधीच होतं हे दाखवायला सॅमसंगनं ह्याच चित्रपटातला जेवणाचा प्रसंग कोर्टापुढं ठेवला. सरांना हे सांग की, वर्गात मजा येईल.