केमनचं अलाइनमेंट: मांडूच्या वळणांसाठी की रोजच्या इंदूरसाठी?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी पोर्शची ७१८ केमन, स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशीच, आठवडाभर सुदामानगर ते सुपर कॉरिडॉर ऑफिस, रविवारी पहाटे धारमार्गे मांडू. वळणात शिरताना नाक बाहेर पळतं, म्हणून पुढे उणे २.५ अंश कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणं) आणि थोडा टो-आउट (चाकांच्या पुढच्या कडा बाहेर वळवणं) करून घ्यावा का?

नका करू. एक तर स्टॉक गाडीत उणे २.५ मिळणारच नाही. स्ट्रटच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याच्या, वरच्या माउंटच्या खाचा थोडीच जागा देतात. केमनच्याच ट्रॅककडे झुकलेल्या जीटी४ मॉडेलला खालच्या आर्ममध्ये शिम (पातळ पट्ट्या) घालून कॅम्बर वाढवता येतो, तुमच्या गाडीत ती सोय नाही. दुसरं असं की तो आकडा ट्रॅकचा आहे. बॉडी झुकली की स्ट्रटवाल्या गाडीत चाकही तिच्यासोबत झुकतं आणि बाहेरचा टायर आपल्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. ते भरून काढायला आधीच उणे कॅम्बर देऊन ठेवायचा असतो. नोएडाजवळच्या बुद्ध रेसिंग सर्किटवर टायर लांबलचक वळणांत पूर्ण जोर लावून दाबला जातो, तिथे तो कामाला येतो. मांडूच्या रस्त्यावर असा जोर फार तर काही सेकंद लागतो, आणि काकडा खोह दरीच्या पुढे मांडूच्या जुन्या दरवाज्यांतून आत जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर तर लावूच नये. उरलेला सगळा आठवडा गाडी सरळच चालते. त्या वेळी वजन टायरच्या आतल्या खांद्यावर, ब्रेक मारताना रबर कमी टेकणार, आणि पावसाळ्यातला खड्डा नेमका त्याच खांद्यावर बसणार.

नाक बाहेर पळण्याचं कारण मला आधी तुमच्या ब्रेकिंगमध्ये शोधावंसं वाटतं. केमनचं इंजिन मधोमध, पुढे वजन मुळात कमी. ब्रेक पूर्ण सोडून मग स्टीअरिंग फिरवलं तर पुढच्या टायरवर दाब उरतच नाही. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडा. टायर थंड असताना हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. एवढ्यावरच बराच फरक पडेल.

आता आकडे. पुढचा कॅम्बर खाचा देतील तितका उणे, बहुतेक उणे १ च्या आसपास थांबेल, पण दोन्हीकडे सारखा. कंपनीच्या रेंजबाहेर गेला तर मशीन तो लाल दाखवेल, आणि अलाइनमेंटवाला मुकाट्याने परत हिरव्यात आणून ठेवेल. म्हणून आधीच बजावून ठेवा. पुढचा टो शून्य ते अगदी किंचित टो-इन (पुढच्या कडा आत वळलेल्या). मागचा कॅम्बर उणे १.५. मागे प्रत्येक चाकाला दहा मिनिटं टो-इन, आणि यात तडजोड नाही. मागे टो-आउट झाला आणि वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला, तर मागचं वजन हलकं होतं आणि बाहेरचं चाक शेपटीला बाहेर खेचतं. मिड-इंजिन गाडी फिरते तेव्हा फार झटकन फिरते, सावरायला वेळ मिळत नाही.

वर मुद्दाम ‘मिनिटं’ लिहिलंय. एका अंशाची साठ मिनिटं. तेव्हा ०°१०′ म्हणजे ०.१७ अंश, ०.१० नव्हे. मशीन दशांशात असेल आणि तुम्ही मिनिटांचा आकडा सांगितलात, तर गडबड हमखास होते. कागदावर आकडा लिहून द्या, एककासकट. साधारण ६५ सेंटिमीटरच्या टायरवर ०.१ अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, पण तेवढ्यासाठीही चाक प्रत्येक किलोमीटरला थोडं घासतच पुढे जातं. टायर खाण्यात टोचा हात कॅम्बरपेक्षा मोठा. टायरची रुंदी पुढे २३५, मागे २६५ मिलिमीटर असल्याने तुम्हाला पुढचे टायर मागे टाकून झीज वाटून घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा. आत्ताच बघायचं असेल तर ट्रेडवर, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, आडवा तळहात फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर टो बिघडलाय. नुसतीच आतली कड साफ झाली असेल तर कॅम्बरकडेही बघायला सांगा.

दुकानात जाताना टाकी भरून न्या. मशीनला लावण्याआधी सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश आणि बॉल जॉइंट हलवून बघायला लावा. ढिल्या बुशवर केलेलं सेटिंग पहिल्याच स्पीडब्रेकरला जातं. क्रम असा: आधी मागचा कॅम्बर, मागचा टो, मग पुढचा कॅम्बर, आणि सगळ्यात शेवटी स्टीअरिंग सरळ अडकवून पुढचा टो. कॅम्बर हलवला की टो हलतोच, त्यामुळे उलट क्रमाने केलेलं काम वाया. थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ज्या दिशेने ढकलतात तिचा मधल्या रेषेशी कोन) शून्याजवळ आलाय ना, तेही बघा, नाहीतर गाडी सरळ जाईल पण स्टीअरिंग वाकडं दिसेल. शेवटी स्टीअरिंग अँगल सेन्सर कॅलिब्रेट करून घ्या.

बाहेर पडल्यावर गाडी डावीकडे ओढते असं वाटलं तर लगेच परत जाऊ नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये थोडं ओढणारच. सुपर कॉरिडॉरवर सकाळी मोकळ्यात सगळ्यात उजव्या लेनमधूनही चालवून बघा. दोन्ही लेनमध्ये एकाच बाजूला ओढत असेल तरच अलाइनमेंटवर संशय घ्या.

कामाआधीची आणि नंतरची अशी दोन्ही प्रिंट मागून घ्या आणि इथे टाका. मागच्या टायरच्या आतल्या कडेचा फोटोही जोडा, मग मागचा कॅम्बर थोडा कमी करायचा का ते सांगतो.