हॉक घेतलंस ना, मग आधी टॅक्सी शीक

भावा, फ्लाइट सिम्युलेटरसाठी हॉक टी-वन हे ट्रेनर जेट घेतलंस हे बेस्ट केलंस, पण लगेच लूप (हवेत उभी गोल गिरकी) मारायला जाऊ नको, आधी टॅक्सी, म्हणजे जमिनीवर विमान चालवणं, शीक. ह्याचं पुढचं चाक मोकळं फिरतं, त्याला स्टिअरिंगच नाही, म्हणून नवीन पोरं रडर (शेपटीचं सुकाणू) दाबत बसतात अन् म्हणतात विमान वळायलं नाही. डावा-उजवा ब्रेक वेगवेगळ्या बटनावर लाव, थोडा थ्रॉटल (इंजिनाची ताकद) देऊन विमान हलू दे, मग वळायचंय त्या बाजूचा ब्रेक टिचकी मारल्यासारखा दाब, धरून ठेवू नको.

दुसरं म्हणजे थ्रॉटल, अन् इथंच लई जण आपटतात. सेसनात, म्हणजे छोट्या पंख्याच्या विमानात, थ्रॉटल पुढं ढकललं की ताकद लगेच येते, इथं अडूर टर्बोफॅन हे जेट इंजिन आहे, खालच्या आरपीएमवरून (इंजिनाच्या फेऱ्यांवरून) वर यायला काही सेकंद घेतो अन् तेवढ्यात विमान खाली बसतं. म्हणून फायनलला, म्हणजे उतरताना रनवेच्या सरळ रेषेत आल्यावर, थ्रॉटल पूर्ण मागं ओढायचाच नाही. वेग आधीच एअरब्रेकनं (हवा अडवणाऱ्या फळीनं) कमी कर, चाकं खाली काढली की तो आत जातो, मग पूर्ण फ्लॅप (पंखामागच्या झडपा) टाकून इंजिन फिरतं ठेव. रोज फक्त हेच कर, खरंच सांगतो.

सरावाला चिकलठाणा विमानतळ घे, त्याचा कोड व्हीएएयू. अन् आपल्या हवाई दलाचे हॉक २००८ पासून बीदरला आहेत, उदगीरच्या पलीकडंच, तिथूनही उडून बघ, भारी वाटतं. हवामानात आधी २० डिग्री ठेव, मग आपल्या मे महिन्याचं ४२ टाक, तापल्या हवेत रनवे किती जास्त लागतो ते दिसंल.